अण्णांची फियाट, मामांची मारुती

"पाव्हणं, तुमचं बॉनेट उघडा बघू जरा," अण्णा म्हणाले, आणि मी ओळखलं, आता आपण काही वेळेत निघत नाही.

मी जायच्या तयारीनं ओसरीवर बसले होते. कानात कापूस, डोक्याला स्कार्फ, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली लेक. शेजारी डिंकाच्या लाडवांचा डबा, टोपड्यांचं गाठोडं आणि अण्णांच्या जुन्या मऊ सदऱ्यांची आईनं शिवलेली लंगोटं. पहिलं बाळंतपण माहेरी शिरोळला झालं होतं, आणि आता सासरी, कागलला जायचं होतं. बारसं तिकडं व्हायचं म्हणून लेकीला अजून नाव नव्हतं. अण्णा तिला नुसतं 'बाईसाहेब' म्हणायचे.

न्यायला सासरे आले होते. सासऱ्यांना आमच्यात मामा म्हणतात. नवरा, अभिनंदन, पुण्याहून परस्पर कागलला पोचणार होता. मामा आले ते त्यांच्या पांढऱ्या मारुतीतून. शहाऐंशी सालची गाडी, पण सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. आणि दारात अण्णांनी आपली फियाट धुऊनपुसून उभी केलेली. सहासष्टची, सायीच्या रंगाची.

"त्रिशला जन्मली तेव्हा मिरजेच्या दवाखान्यातनं याच गाडीतनं घरी आणली," अण्णा मला सातवा लागल्यापासून सांगत होते. "आता तिची लेक याच गाडीतनं सासरी जाणार. मीच सोडणार."

"न्यायला आलेल्या माणसाच्या गाडीतनं जायची रीत असती, पाव्हणं," मामा म्हणत होते. "सून आमची. नात आमची."

"नात तुमची, पण निघणार माझ्या दारातनं."

मला दोन्हीही गाड्या चालल्या असत्या. बैलगाडीही चालली असती. मला फक्त उजेडात पोचायचं होतं, कारण कागलला आत्या, म्हणजे सासूबाई, उपाशी बसल्या होत्या. दिवस मावळल्यावर त्या तोंडात पाणीही घेत नाहीत. सगळं आयुष्य तसं गेलेलं. आणि सकाळीच त्यांनी फोनवर सांगून टाकलं होतं, "बाळ उंबऱ्याच्या आत आल्याशिवाय मी जेवायची नाही." म्हणजे आम्ही मावळतीनंतर पोचलो तर ती बाई दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उपाशी. नातीच्या पायगुणाची सुरुवात आजीच्या उपासानं. मग पुढं जन्मभर ऐकायचं कोणी? मीच.

आणि इथं दोन व्याही मारुतीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते.

"हे तुमचं इंजिन? शिलाई मशीन वाटतंय," अण्णा म्हणाले.

"मुनीम हाय मुनीम. खातंय थोडं, बोलत नाही, कामाला वाघ. आणि तुमचं म्हणजे जुनं पाटील. खातंय लई, खोकतंय लई, आणि उठवायचं तर चोक ओढून आर्जवं करायची."

"उठल्यावर मान ठेवतं की नाही गाव? तुमच्या मारुतीला कुत्रंसुद्धा वाट देत नाही."

"द्यायची गरजच नाही. बाजूनं जाती ती."

आई आतून ताक घेऊन आली. तिनं दोघांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि ताकाचे पेले कठड्यावर आपटून ठेवले. "अहो, चप्पल कुठाय दुसरी?"

अण्णांच्या उजव्या पायात चप्पल होती, डाव्या पायात नव्हती. ती नळाच्या कट्ट्यापाशी पडली होती. अलीकडं हे रोजचंच झालं होतं. एक चप्पल कुठंतरी सोडायची आणि तसंच अंगणभर हिंडायचं.

"गाडी दिसली की या माणसाला स्वतःचे पाय दिसत नाहीत," आई म्हणाली. "आयुष्यभर साखर कारखान्यात नोकरी केली, आणि घरी आणली काय, तर रक्तातली साखर. पथ्य नाही, पाणी नाही. नुसती फियाट."

"झालंच, निघालोच," अण्णा म्हणाले, आणि फियाटच्या टायरची हवा बघायला बसले.

आणि हेच मला कळत नव्हतं. फियाटच न्यायची म्हणून हट्ट अण्णांचा, आणि दर वेळी खोडा काढणारेही अण्णाच. हवा बघून झाली की रेडिएटरचं पाणी. पाणी झालं की बॅटरीच्या वायरी. मामा "बरं, मग मारुतीतनं चला" म्हणाले की अण्णा उसळायचे. आणि आई "मग काढा फियाट" म्हणाली की अण्णांना ब्रेकचं ऑइल आठवायचं.

लेक एकदा दूध पिऊन झोपली, उठली, दुपटं ओलं करून पुन्हा रडली. ऊन ओसरीच्या पायरीवरून अंगणात उतरलं.

"मी चालवते," मी शेवटी म्हणाले. "कोणतीही द्या. मला दोन्ही येतात."

"बाळंतीण गाडी चालवणार?" दोघं एकदमच ओरडले. सकाळपासून त्यांचं एकमत झालं ते एवढ्या एका गोष्टीवर.

मग आई वैतागून म्हणाली, "असं करा, एकमेकांच्या गाड्या घेऊन पाण्याच्या टाकीपर्यंत फेरी मारून या. ज्याची हरली त्यानं गप बसायचं."

ती उपहासानं म्हणाली होती. पण दोघांचे चेहरे असे खुलले की तिनं कपाळाला हात लावला.

आधी फियाट. मामा चालवायला, अण्णा शेजारी. फियाटच्या पुढच्या सीट म्हणजे एक सलग बाक, आणि गिअर खाली नसतो, स्टेअरिंगच्या दांड्यावर डावीकडं असतो. मामांना हे ठाऊक होतं, पण त्यांच्या हाताला ठाऊक नव्हतं. गाडी फाटकाबाहेर पडली, मामांनी सवयीनं गिअर टाकायला हात खाली नेला आणि अण्णांचा गुडघा धरून पुढं ढकलला.

"अहो पाव्हणं, तो माझा आहे!"

"मग गिअर कुठाय?"

"वर! स्टेअरिंगला!"

"हे काय गिअर ठेवायचं ठिकाण झालं? छत्री अडकवल्यागत?"

गाडी आचके खात टाकीपर्यंत गेली आणि आचके खात परत आली. मामा घामाघूम होऊन उतरले. मला हसू येत होतं, पण मी हसले नाही. हसले असते तर त्यांनी अजून एक फेरी मारली असती.

मग मारुती. आता अण्णा चालवायला, मामा शेजारी. अण्णांचा हात गिअरसाठी स्टेअरिंगच्या डाव्या बाजूला गेला आणि स्वच्छ उन्हात वायपर सुरू झाले. कोरड्या काचेवर करकर करत वायपर हलवत मारुती वळणावर दिसेनाशी झाली. समोरच्या घरातल्या काकू बाहेर येऊन आभाळाकडं बघायला लागल्या.

ही फेरी लांबली. मी मनगटावरचं घड्याळ बघत राहिले. आई पदरानं वारा घेत म्हणाली, "आता तिथं टाकीखाली बसून टायर मोजत असतील."

मारुती परत आली तेव्हा वायपर बंद होते. आणि चालवत होते मामा.

दोघं उतरले. अण्णा सरळ नळावर जाऊन तोंड धुवायला लागले. मामांनी मारुती अंगणात अगदी भिंतीला लावली, किल्ली काढली आणि आईच्या हातात दिली.

"वहिनी, ही राहू दे इथंच. रविवारी अभिनंदन येऊन नेईल. फियाटनं जाऊ."

आई बघतच राहिली. "म्हणजे हरलात?"

"हरलो. काय गाडी हाय! बसल्यावर बसल्यागत वाटतंय." मग ते नळाकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "पण पाव्हणं, एक अट. चालवणार मी."

अण्णा तोंड पुसत वळले. मला वाटलं, आता पेटणार. टाकीपर्यंतची ती एक फेरी सोडली तर या गाडीचं स्टेअरिंग त्यांनी कधी माझ्या सख्ख्या काकाच्या हाती दिलं नव्हतं. कॉलेजात असताना मला शिकवलं तेसुद्धा माझ्या हातावर हात ठेवून.

"तुम्हाला गिअर कुठं सापडतोय?" अण्णा म्हणाले.

"म्हणून तर तुम्ही शेजारी बसा. क्लच मी दाबतो, गिअर तुम्ही टाका."

"दोघांनी मिळून गाडी चालवायची?" मी ओरडलेच. "मामा, अहो, माझं तान्हं बाळ आहे गाडीत!"

"बाळ मागं बसणार हाय. मागं काय गिअर नाही," मामा म्हणाले.

आणि अण्णा, जे दुपारपासून प्रत्येक शब्दावर शब्द टाकत होते, ते काहीच न बोलता डावीकडचं दार उघडून आत बसले. नळापाशी राहिलेली चप्पल मामांनी उचलली आणि त्यांच्या पायाशी टाकली.

शिरोळ ते कागल तो रस्ता मी आयुष्यात विसरणार नाही. ऊसतोडीचा हंगाम. इचलकरंजीपर्यंत निम्मा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला, एका ट्रॅक्टरमागं दोन दोन. थांबा, हलवा, थांबा, हलवा. म्हणजे दर मिनिटाला गिअर.

"क्लच," अण्णा म्हणायचे.

"दाबला."

"पूर्ण दाबा."

"पूर्णच हाय. टाका की!"

"टाकला. सोडा. हळू! हळू सोडा, सुतळी बॉम्ब नाही तो."

"हळूच सोडला. तुमचीच गाडी चमकती."

"चमकत नाही ती. अनोळखी पाय ओळखते."

मी मागच्या सीटवर दातओठ खात होते. प्रत्येक आचक्याला लेक दचकायची, मुठी वळायची आणि भोकाड पसरायची. माझ्या शेजारी आई तिला मांडीवर घेऊन, छातीवर हात ठेवून पुटपुटत होती, "एक गाडी आणि दोन म्हातारे. जगात कुणाच्या नशिबी असलं वैभव नसेल."

"आमची मारुती एकटा माणूस चालवतो, वहिनी," मामा म्हणाले.

"म्हणून तर ती एकटी पडलीय शिरोळात," अण्णा म्हणाले, आणि दोघं एवढे हसले की गिअर चुकून गाडी बंद पडली. मागं हॉर्नची माळ लागली.

हुपरी येईपर्यंत ऊन तिरकं झालं. आत्यांचा फोन आला. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं विचारलं, "कुठवर आलाय गं?" मी म्हटलं, "आलोच आत्या, जेवून घ्या तुम्ही." त्या म्हणाल्या, "या सावकाश," आणि ठेवला. त्या 'सावकाश'मुळं माझ्या डोक्याची शीर उडायला लागली.

हुपरीच्या पुढं चढ आहे. तिथं ट्रॅक्टर अडकला होता, मागची ट्रॉली तिरकी होऊन. फियाट चढाला आली, मामांनी क्लच दाबला, अण्णांनी पहिला टाकला, मामांनी सोडला आणि गाडी बंद. पुन्हा चोक, पुन्हा क्लच, पुन्हा बंद. गाडी हातभर मागं घसरली. लेक किंचाळली.

मग माझा तोल सुटला.

"अण्णा, बस झालं हे नाटक! तुमची गाडी, तुमचा हट्ट. मग सरळ चालवा ना स्वतः! मामांना उतरवा आणि चालवा. आत्या उपाशी बसल्यात, बाळ रडतंय, आणि तुम्ही दोघं खेळताय काय?"

लेकसुद्धा गप्प झाली.

अण्णांनी मागं बघितलं नाही. "चालवतो," ते म्हणाले, आणि दाराच्या कडीला हात घातला.

"पाव्हणं, बसा," मामा म्हणाले. मग आरशातून माझ्याकडं बघितलं. तीन वर्षांत मामा मला कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते. "त्रिशला, आज या गाडीचा ड्रायव्हर मी हाय. सुनेनं ड्रायव्हरशी बोलायचं नसतं. मागं लिहिलेलं असतं एस्टीत."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागानंच. अण्णा मात्र कडी उघडून उतरलेच. "ट्रॉलीवाल्याला बाजूला घ्यायला सांगतो," असं म्हणून चालू लागले. पुढं उसाच्या फडाच्या कडेनं जाऊन त्यांनी हात वर केले, त्यांचा कारखान्यातला जुना आवाज काढला. "ए, उजवीकडं घे! दगड लाव चाकाला! दगड!" दोन तोडकरी धावले, ट्रॉली सरळ झाली, वाट मोकळी झाली. अण्णा फडाच्या कडेनंच परत आले, चेहरा उजळलेला, लग्नात मुंडावळ्या बांधलेल्या माणसासारखा.

"चला, दाबा क्लच," ते आत बसत म्हणाले.

"अहो," आई म्हणाली. "पाय."

दाराच्या उंबऱ्यावर, सायीच्या रंगाच्या पत्र्यावर, तांबडा ठसा उमटला होता. अख्ख्या पावलाचा. अण्णांच्या डाव्या पायात चप्पल नव्हती; ती पुढच्या बाकाखाली तशीच पडलेली होती. तोडलेल्या उसाचा खुंट तळव्यात घुसून मोडला होता, बोटभर तरी, आणि तो अजून तिथंच होता.

अण्णांनी पाय मांडीवर घेतला. वाकून बघितलं. दुसऱ्या कुणाचा पाय असावा तसं.

"कधी लागलं हे?" त्यांनी विचारलं.

ते आम्हाला विचारत होते. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"दुखत नाही?" आई म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता.

अण्णांनी खुंट ओढून काढला, तोंडाची रेषही न हलवता. रक्त भळभळलं. मी हाताला आलं ते लंगोट त्यांच्याकडं फेकलं. त्यांच्याच सदऱ्याचं.

"आमच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालतं," मामा समोर बघत म्हणाले. "चप्पल सुटायची, कळायचं नाही. जमीन लागायची नाही पायाला." मग जरा थांबून, "टाकीपाशी पाव्हण्यांनी गाडी थांबवली. पाय कुठल्या पेडलवर हाय ते खाली वाकून बघत होते. मला म्हणाले, तुम्ही घ्या."

मला दुपार आठवली. टायरची हवा, रेडिएटरचं पाणी, बॅटरीच्या वायरी. 'झालंच, निघालोच.' अण्णांना बाईसाहेबांना स्वतः सोडायचं होतं, आणि बाईसाहेबांना घेऊन क्लच दाबायची त्यांची हिंमत होत नव्हती. आणि हे सांगायचीही होत नव्हती.

"कधीपासून?" आईनं विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासून असेल."

"आणि सांगणार कधी होता?"

"सांगणारच होतो. हिला पोचवल्यावर."

आई भांडली नाही. तिनं लेक माझ्याकडं दिली, पुढं वाकून लंगोट नीट गुंडाळलं, घट्ट गाठ मारली. गाठ मारताना ती रडत होती, पण तोंडानं म्हणाली ते एवढंच, "उद्या डॉक्टर. फियाटला नाही, तुम्हाला."

मामांनी गाडी सुरू केली. क्लच दाबला.

अण्णांनी पहिला टाकला.

गाडी चढली. वरती मामांचा पाय जरा हलला, एवढाच, आणि अण्णांनी दुसरा टाकला. मग तिसरा. आता कोणी 'क्लच' म्हणत नव्हतं, कोणी 'दाबला' म्हणत नव्हतं. अण्णा डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत होते आणि नेमके त्या क्षणी दांडी ओढत होते. एकदाही आचका बसला नाही. लेक झोपली. डाव्या अंगाला उसाच्या तुऱ्यांवर ऊन पिवळं होत होत गेलं, आणि मी घड्याळ बघायचं विसरले.

कागलला दारात गाडी थांबली तेव्हा सूर्याची फक्त कड उरली होती, समोरच्या गोडाऊनच्या पत्र्यावर टेकलेली. आत्या भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. ओठ सुकलेले. अभिनंदन मागं उभा होता. आत्यांनी लेकीवरून भाकरतुकडा ओवाळला, माझ्यावरून ओवाळला, पाणी टाकलं. डोळ्यांना पाणी लावलं.

"आत ये. उजवा पाय आधी," आणि मग मामांकडं वळून, "एवढा उशीर? मारुती कुठाय? ही गाडी कोणी चालवत आणली?"

मामा फियाटला वळसा घालून डावीकडं आले होते. त्यांच्या हातात अण्णांची चप्पल होती. त्यांनी दार उघडलं, वाकले, आणि चप्पल पायरीवर अण्णांच्या बांधलेल्या पायासमोर सरळ ठेवली.

"व्याह्यांनी आणली," ते म्हणाले. "मी आपलं नुसतं स्टेअरिंग धरून बसलो होतो."

अण्णांनी खाली बघून पाय चपलेत घातला. मग मामांच्या खांद्यावर हात टेकून उतरताना म्हणाले, "आणि तेही नीट धरता येत नाही यांना."

"बरं, बरं," आत्या म्हणाल्या. "भांडण आत बसून करा. मला दोन घास खाऊ दे आधी, उजेड हाय तोवर."